किरण गाठीपाशी थांबत नाहीत

(गोव्यात डिचोली येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. संयोजकांनी मला ‘कॅन्सर आणि रेडिएशन’ असा मोठा विषय दिला होता. त्यातला एकच कोपरा मी निवडला आहे, कारण रुग्णालयात मला सगळ्यांत जास्त प्रश्न तिथलेच विचारले जातात. गाठ मानेत होती, मग तोंड का कोरडं पडलं? शेक स्तनाला आहे, तर डॉक्टर हृदयाची चौकशी का करतात? गर्भाशयाच्या मुखाला लाईट दिली आणि जुलाब कसे लागले? (शेक काय, लाईट काय, ही किरणोपचारांचीच बोलीतली नावं.)

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. गाठ कुठवर आहे आणि तिला किती डोस द्यायचा हे डॉक्टर ठरवतात. तो डोस यंत्रातून कुठल्या कोनांनी आणि कसा पाठवायचा याचा आराखडा आम्ही बसवतो. त्या आराखड्यात गाठ एक असते आणि तिच्या भोवतीचे निरोगी अवयव पंधरा-वीस. आमचा बहुतेक वेळ त्या पंधरा-वीस अवयवांसाठी जातो. आज त्यांच्याविषयी बोलतो.

आधीच स्पष्ट सांगतो, हे ऐकून कुणी किरणोपचार टाळावेत म्हणून मी इथे आलेलो नाही. घाबरून अर्ध्यावर उपचार सोडणाऱ्या माणसाचं दुहेरी नुकसान होतं. निरोगी अवयवांनी झळ सोसलेली असते आणि गाठही जागेवरच राहते. भीती जाते ती नीट माहितीने, म्हणून ती तुमच्यासमोर ठेवतो.

हल्ली बहुतेक ठिकाणी उपचार लिनॅकवर होतात, म्हणजे लिनिअर अ‍ॅक्सिलरेटरवर. त्याचा नेहमीच्या वापरातला एक्स-किरण ६ एमव्हीचा, म्हणजे मेगाव्होल्टचा. हा किरण शरीरात शिरला की त्याचा सर्वाधिक डोस कातडीवर पडत नाही, कातडीखाली साधारण दीड सेंटिमीटरवर पडतो. पुढे तो उतरत जातो. १० सेंटिमीटर खोलीवर कमाल डोसच्या सुमारे दोन तृतीयांश उरतो, २० सेंटिमीटरवर ४० टक्क्यांच्या आसपास. पण तो संपत नाही. गाठ ओलांडतो आणि पलीकडून बाहेर पडतो. एकाच दिशेने किरण सोडला तर खोलवरच्या गाठीपेक्षा वाटेतल्या निरोगी भागालाच जास्त डोस बसेल. म्हणून निरनिराळ्या दिशांनी किरण सोडायचे, सगळे गाठीवर एकत्र येतील असे. गाठीत डोसची बेरीज होते आणि बाकी प्रत्येक वाटेवर थोडा थोडा डोस पडतो.

याखेरीज दोन वाटा आहेत. काही किरण शरीरातच दिशा बदलतात आणि जिथे आपण नेम धरलेला नाही तिथे जातात. त्यांना विखुरलेले किरण म्हणायचं. आणि यंत्राच्या डोक्यातून, जाड शिशाच्या आणि टंगस्टनच्या आवरणातूनही, अगदी थोडे किरण झिरपतात. ही गळती मुख्य किरणाच्या साधारण एक हजाराव्या भागापेक्षा जास्त असू नये असा नियम आहे. आपल्याकडे या सगळ्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. यंत्र बसवताना गळती मोजली जाते आणि त्यांच्या परवान्याशिवाय रुग्णावर यंत्र चालवता येत नाही.

डोस मोजायचं एकक ग्रे. एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा जिरली की झाला एक ग्रे. घशाच्या कॅन्सरला सात आठवड्यांत ७० ग्रे देतात. हा सगळा डोस एकदम दिला असं धरलं, तरी त्याने तापमान एका अंशाच्या पन्नासाव्या भागानेही वाढणार नाही. तेव्हा आतलं सगळं भाजून निघतं ही समजूत चुकीची आहे. किरण घाव घालतात तो पेशीच्या डीएनएवर. धाग्याचे दोन्ही पदर एकमेकांच्या जवळ तुटले की ती पेशी पुढे विभाजन करू शकत नाही. निरोगी पेशी हे तुटलेलं काही तासांत बऱ्यापैकी सांधतात. बहुतेक कॅन्सरपेशींची ही दुरुस्ती कच्ची असते. शेकाचे रोज छोटे हप्ते देतात ते यासाठी.

हा शोध सोपा नव्हता. राँटगेनने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी एक्स-किरण पाहिले आणि त्यानंतर काही महिन्यांतच डॉक्टर ते कॅन्सरवर वापरू लागले. निरोगी शरीराला त्याने काय होतं हे कुणाला ठाऊक नव्हतं. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली प्रयोगांत हात पुन्हा पुन्हा किरणांत धरायचा. दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ साली तो गेला. पुढे पॅरिसमध्ये क्लॉडियस रेगो या शास्त्रज्ञाने मेंढ्यांवर प्रयोग केले. मेंढ्याच्या वृषणात शुक्राणू बनणं एका मोठ्या डोसने थांबवायला गेलं की वरची कातडी सडायची. तोच डोस काही दिवसांत विभागून दिला की शुक्राणू बनणं थांबायचं आणि कातडी वाचायची. त्याच शहरात अन्री कूतारने हा धडा घशाच्या कॅन्सरला लावला आणि माणसं बरी होऊ लागली. सोमवार ते शुक्रवार, सहा-सात आठवडे हे जे वेळापत्रक तुम्ही पाहता, त्याची मुळं तिथे आहेत. पुढच्या संशोधनाने काही कॅन्सरमध्ये हप्ते कमी करता आले. स्तनाच्या कॅन्सरला पूर्वी २५ हप्ते सर्रास द्यायचे, आता बऱ्याच जणींना १५ पुरतात.

आता माझ्या मते या विषयाचा गाभा असलेली एक गोष्ट. समजा गाठ ४ सेंटिमीटर व्यासाची आहे, गोल. तिचं आकारमान सुमारे ३४ घनसेंटिमीटर. पण आपण तेवढ्यालाच शेक देऊ शकत नाही. माणूस श्वास घेतो, आतडी हलतात, आज टेबलावर झोपलेला रुग्ण काल होता तसाच्या तसा झोपत नाही. म्हणून गाठीभोवती एक पट्टा धरावा लागतो. तो सगळीकडून १ सेंटिमीटर धरला तर व्यास ६ सेंटिमीटर होतो आणि आकारमान ११३ घनसेंटिमीटर. म्हणजे पूर्ण डोस घेणाऱ्या भागात गाठ ३४ आणि तिच्या भोवतीची ऊती ७९. दुपटीपेक्षा जास्त! हाच पट्टा अर्ध्या सेंटिमीटरवर आणला तर एकूण ६५ घनसेंटिमीटर होतात आणि निरोगी ऊती ३१ वर येते. अर्धा सेंटिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाच्या रुंदीपेक्षाही कमी, आणि एवढ्यात निम्म्याहून अधिक निरोगी भाग सुटला.

रुग्णांना वाटतं की महागडं यंत्र म्हणजे जोरदार किरण. तसं नसतं. नव्या यंत्राची खरी कमाई ही की पट्टा लहान करता येतो. शेक देण्याआधी टेबलावरच छोटा सीटी स्कॅन काढायचा, आराखड्यासाठी काढलेल्या मूळ सीटीशी जुळवायचा, टेबल दोन-तीन मिलिमीटर सरकवायचं आणि मगच किरण सोडायचा. त्या सीटीचाही थोडा डोस असतो, पण जेवढा वाचतो त्यापुढे तो फार लहान आहे. हे सारं रुग्ण स्थिर पडून राहील तरच उपयोगी. चेहऱ्यावर जाळीचा मास्क घट्ट बसवतात, छातीवर ठिपके गोंदतात, त्याचा त्रास होतो हे मला माहीत आहे. पण त्या मास्कमुळेच तुमचा मज्जारज्जू किरणांच्या बाहेर राहतो.

सगळे अवयव सारख्याच तऱ्हेने बिघडत नाहीत. आपल्या कुळागराचं, पोफळींच्या बागेचं बघा. वरच्या अंगाला पाट एका जागी फुटला की खालच्या सगळ्या पोफळी तहानलेल्या राहतात. पण चार पोफळी वठल्या म्हणून कुळागर बसत नाही. मज्जारज्जू पाटासारखा आहे. त्याच्या एका सेंटिमीटरला मर्यादेबाहेर डोस गेला तर खालचं सगळं शरीर लुळं पडू शकतं. म्हणून तिथे सर्वाधिक डोस किती हे पाहतात. रोज २ ग्रेच्या हिशेबाने एकूण ५० ग्रेपर्यंत हा धोका हजारात दोन इतकाच आहे, ६० ग्रेला तो शंभरात सहा होतो, आणि ७० ग्रेच्या अलीकडेच निम्म्यावर पोचतो. ही चढण इतकी उभी आहे की तिथे आम्ही कुणालाही सूट देत नाही. फुप्फुस, यकृत, मूत्रपिंड हे पोफळींच्या बाजूचे. त्यांचा थोडा भाग गेला तरी बाकीचा काम ओढून नेतो. फुप्फुसात २० ग्रेपेक्षा जास्त डोस किती भागाला गेला हे मोजतात आणि तो ३० ते ३५ टक्क्यांच्या आत ठेवतात.

आता तोंड आणि घसा. तंबाखूमुळे हा कॅन्सर आपल्या देशात फार आहे. कानापुढे, गालात दोन्ही बाजूंना लाळेच्या मोठ्या ग्रंथी असतात, पॅरोटिड. त्यांना सरासरी २५ ग्रेच्या वर डोस गेला की लाळ आटते आणि बऱ्याचदा ती पूर्ववत होत नाही. लाळ नाही म्हणजे भाकरी गिळता येत नाही, बोलताना जीभ चिकटते, रात्री चार वेळा पाण्यासाठी उठावं लागतं आणि दात किडतात. जुन्या पद्धतीत दोन्ही बाजूंनी सरळ किरण जायचे आणि दोन्ही ग्रंथी त्यांच्या वाटेत यायच्या. आयएमआरटी नावाच्या पद्धतीत किरणाच्या तोंडाशी टंगस्टनच्या बारीक पट्ट्या हलत राहतात आणि डोसला आकार देतात. इंग्लंडमध्ये ९४ रुग्णांवर या दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या, २०११ मध्ये निष्कर्ष आले. वर्षभराने बऱ्यापैकी कोरडं तोंड असलेले रुग्ण जुन्या पद्धतीत ७४ टक्के होते, नव्या पद्धतीत ३८ टक्के. दोन्हीकडे आयुष्य सारखंच वाढलं, पण घास गिळता येणं ही काही लहान गोष्ट नाही.

याच रुग्णांना दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. पहिली दातांची. शेक सुरू होण्याआधी दंतवैद्याकडे जा. काढण्यासारखे दात असतील तर आधीच काढा आणि जखम भरायला दोन-तीन आठवडे द्या. शेक झाल्यावर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. मग दात काढला तर ती जखम सहजी भरत नाही, हाड सडू शकतं आणि हा धोका पुढे आयुष्यभर राहतो. दुसरी वजनाची. तोंड आलेलं असतं, आमटीत मिरची आणि तिरफळ चालत नाही, त्यात श्रावण आला की घरची माणसं उपास धरतात आणि रुग्णही धरतो. वजन पाच-सहा किलो उतरलं की मास्क सैल होतो, गालांतल्या ग्रंथी आक्रसून आतल्या बाजूला सरकतात आणि जिथे आम्ही जास्त डोस आखलेला असतो नेमक्या तिथे येऊन बसतात. आराखडा बरोबर असूनही लाळ जाते. म्हणून पेज, अंडं, मऊ भात, दूध, जे उतरेल ते द्या, आणि मास्क सैल वाटला तर टेक्निशियनला त्याच दिवशी सांगा. नवा सीटी काढून आराखडा पुन्हा करता येतो. चतुर्थीला घरी जायचं म्हणून पाच दिवस सुट्टी मागणारेही दरवर्षी असतात. घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबला की दर दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता एक टक्का किंवा थोडी जास्त घटते. गणपतीचा दिवस सोडून बाकीचे दिवस या, आणि बुडालेला हप्ता कसा भरून काढायचा ते डॉक्टरांशी आधीच ठरवा.

हृदयाकडे वळू. डाव्या स्तनाच्या मागे बरगड्या आणि त्यांना चिकटून हृदयाचा पुढचा भाग. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या २,१६८ स्त्रियांच्या नोंदींवरून २०१३ मध्ये एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयाला मिळणारा सरासरी डोस एका ग्रेने वाढला की हृदयविकाराच्या गंभीर घटनांचं प्रमाण ७.४ टक्क्यांनी वाढत होतं. ‘एवढ्यापर्यंत चालतं’ अशी खालची रेषा त्यात सापडली नाही. वाढ पहिल्या पाच वर्षांतच दिसू लागली आणि वीस वर्षांनंतरही टिकली. हे ७.४ टक्के मूळ धोक्याच्या प्रमाणात आहेत. ज्या बाईचा मूळ धोका लहान, तिच्यात ही भरही लहान. पण मधुमेह आणि रक्तदाब आपल्याकडे घरोघरी आहे. त्या बायकांसाठी हा आकडा मोठा होतो, म्हणून शेक संपल्यावर साखर आणि रक्तदाब सांभाळणं हाही उपचाराचाच भाग आहे असं मी मानतो.

यावर एक फार सुंदर उपाय आहे आणि त्याला औषध लागत नाही. रुग्णाने खोल श्वास घेऊन वीस-पंचवीस सेकंद रोखून धरायचा. फुप्फुस फुगतं, हृदय खाली आणि मागे सरकतं, बरगड्यांपासून दूर होतं. तेवढ्याच वेळात किरण सोडायचा. श्वास सुटला की किरण बंद. बऱ्याच जणींमध्ये हृदयाचा सरासरी डोस निम्म्याच्या आसपास उतरतो. आमच्याकडे सत्तरीतली एक काकी आल्या होत्या. गावच्या भजनात गाणाऱ्या. मी समजावून सांगायला लागलो तर म्हणाल्या, “एवढंच ना? आलाप धरायचा असतो तसा!” आणि पहिल्याच दिवशी त्यांनी तीस सेकंद श्वास धरला. ज्यांना जमत नाही त्यांनी आठवडाभर घरी सराव करावा. जमतो.

ओटीपोटाच्या कॅन्सरमध्ये हेच काम मूत्राशय करतं. ते भरलेलं असलं की लहान आतड्याला वर ढकलतं आणि आतडं किरणांतून सुटतं. म्हणून लघवी करून अर्धा लिटर पाणी प्या, पाऊण तास थांबा असं सांगतात. काणकोणहून दोन बस बदलून आलेल्या बाईला हे किती अवघड आहे याची मला कल्पना आहे. रांग लांबली की बिचाऱ्या संकोचाने जाऊन येतात आणि कुणाला सांगत नाहीत. मावश्यांनो, सांगा. पुन्हा पाणी पिऊन थांबू, तुमचा नंबर जाणार नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये शेकाचा काही भाग आतून दिला जातो, त्याला ब्रेकीथेरपी म्हणतात. तिथे किरणोत्सारी इरिडियम गाठीच्या अगदी जवळ नेतात आणि अंतर वाढलं की डोस झपाट्याने कमी होतो, म्हणून मूत्राशय आणि गुदाशय गॉजच्या घड्या घालून दूर सारतात. मूल हवं असलेल्या तरुण स्त्रीचं अंडाशय शस्त्रक्रियेने किरणांबाहेर हलवता येतं, तरुण पुरुषाचं वीर्य गोठवून ठेवता येतं. हे शेक सुरू होण्याआधी विचारावं लागतं, नंतर नाही.

आणि जो प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, तोही घेतो. शेकाने दुसरा कॅन्सर होतो का? होऊ शकतो. अमेरिकेतल्या मोठ्या नोंदवहीच्या अभ्यासात, किरणोपचार घेतलेल्या प्रौढांना पुढे जे दुसरे कॅन्सर झाले त्यांतले सुमारे ८ टक्के शेकाशी जोडता आले. हजार रुग्णांमागे पंधरा वर्षांत साधारण पाच. उरलेल्यांची कारणं वय, तंबाखू, आनुवंशिकता. पण मुलांमध्ये आणि तरुण मुलींमध्ये हिशेब वेगळा आहे. हॉजकिन लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कॅन्सरसाठी छातीला शेक घेतलेल्या मुलींना पुढे स्तनाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण इतकं वाढलेलं दिसलं की त्यांनी उपचारानंतर आठ वर्षांनी किंवा पंचविशीपासून, यांतलं जे उशिराचं असेल तेव्हापासून, दरवर्षी तपासणी करावी असं सांगतात. इथे आयएमआरटीचीही एक बाजू पाहावी लागते. अनेक दिशांनी किरण आले की जास्त डोस लहान जागेत राहतो, पण अगदी थोडा डोस मोठ्या भागावर पसरतो, आणि यंत्र जास्त वेळ चालू राहिल्याने गळतीही वाढते. साठीतल्या माणसासाठी हा व्यवहार फायद्याचा. सहा वर्षांच्या मुलासाठी दहादा विचार करायचा.

तिथे एक्स-किरणांऐवजी प्रोटॉन हा कण कामाला येतो. तो ठरावीक खोलीवर बहुतेक ऊर्जा सोडून थांबतो, पलीकडे जात नाही. रॉबर्ट विल्सनने १९४६ साली ही कल्पना मांडली. आपल्या देशात चेन्नईला २०१९ पासून आणि आता खारघरलाही ही सोय आहे. मुलांच्या मेंदूच्या गाठी, कवटीच्या तळाच्या गाठी यांच्यासाठी जरूर विचारा. प्रत्येकाला प्रोटॉन लागतो असं कुणी सांगितलं तर जमीन विकण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

माझी एक कळकळीची विनंती आहे. आराखडा तयार झाला की त्याचा आलेख निघतो, डीव्हीएच. कुठल्या अवयवाच्या किती भागाला किती डोस, हे त्यावर रेघांनी दिसतं. तो दाखवा म्हणा. “माझ्या हृदयाला किती? माझ्या लाळग्रंथींना किती? यापेक्षा कमी करता येईल का?” एवढं विचारा. कधी उत्तर येईल की नाही, कमी केलं तर गाठीचा कोपरा सुटेल. ते उत्तरही प्रामाणिक असतं. गाठ ग्रंथीला खेटून असेल तर ग्रंथी द्यावी लागते. पण काय दिलं आणि कशासाठी दिलं हे ज्याचं शरीर त्याला कळलंच पाहिजे.

*

व्याख्यानानंतरच्या प्रश्नांपैकी दोन इथे घेतले आहेत.

‘आजी शेक घेऊन घरी आल्यावर नातवंडांना जवळ घ्यायचं का?’ जरूर घ्यायचं. लिनॅकचे किरण यंत्र बंद होताच संपतात, शरीरात काही उरत नाही. ताट, कपडे, संडास काहीही वेगळं नको. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन पाजतात त्या रुग्णांनी मात्र काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचं असतं, किती दिवस ते रुग्णालय लिहून देतं. या दोन गोष्टींची गल्लत होऊन घराघरांत म्हाताऱ्या माणसांना कोपऱ्यात बसवलेलं मी पाहिलं आहे. कृपा करून तसं करू नका.

‘आईला बारा वर्षांपूर्वी मुंबईला छातीचा शेक दिला होता. आता पाठीच्या मणक्यात पुन्हा निघालंय. जुने कागद घरात सापडत नाहीत.’ त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाला आजच पत्र लिहा. केस नंबर, उपचाराचं वर्ष आणि आईचं त्या वेळचं नाव द्या. मागायचं ते हे: कुठल्या भागाला शेक दिला, एकूण किती ग्रे, किती हप्त्यांत, पहिला आणि शेवटचा दिवस, यंत्र कुठलं, आणि आराखड्याच्या फाइली असतील तर त्यांची सीडी. मज्जारज्जूने जुना डोस किती घेतला हे कळलं तर आता किती देता येईल ते काढता येतं. इतक्या वर्षांत त्याची काही भरपाईही झालेली असते, ती धरता येते. कागद मिळालाच नाही तर आराखडा करणाऱ्याला जुना डोस जास्तीत जास्त धरून चालावं लागतं आणि मणक्यातल्या गाठीला हवा त्यापेक्षा कमी डोस द्यावा लागतो.